विमलकाकूंच्या कूलरची गळती

दिवाळी अंकात कूलरवर लिहायचं म्हणजे थंडीत आइस्क्रीमची गाडी लावण्यासारखं आहे. दिवाळी येईपर्यंत नागपुरातले सगळे कूलर जुन्या चादरी गुंडाळून गच्चीवर जाऊन बसलेले असतात, आणि त्यांच्याबरोबर कूलरवाल्यालाही लोक गुंडाळून ठेवतात. मार्चमध्ये जो माणूस ‘भाऊ, पहिले आमच्याकडे या’ म्हणून फोनवर गयावया करायचा, तोच नोव्हेंबरात सीताबर्डीवर समोरून यायचा आणि सरळ निघून जायचा. नजर चुकवायचा असं नाही. त्याला खरंच आठवायचं नाही. मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही, कारण हंगामी माणसाने बारमाही मानाची अपेक्षा धरू नये.

आता खांद्याने दगा दिल्यामुळे धंदा बंद केला. पण लग्नात, मयतीत, भाजीच्या ठेल्यावर कोणी ओळखलंच तर एकच प्रश्न येतो. कूलर घ्यावा की एसी? विचारणाऱ्याने बहुतेक वेळा आधीच ठरवलेलं असतं, त्याला फक्त माझी मान हललेली पाहायची असते. तरी मी प्रामाणिकपणे उत्तर देतो, तेवढी खोड राहिली आहे.

ज्यांनी आमच्याकडचा उन्हाळा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. कूलर ही फार साधी वस्तू आहे. लोखंडाची पेटी, तिच्या तीन बाजूंना जाळ्या, जाळ्यांत गवत. आम्ही त्याला घासच म्हणतो. खाली पाण्याची टाकी, तिच्यातला पंप पाणी वर चढवून घासावर सोडतो, आणि पंखा बाहेरची लू, म्हणजे तापलेला वारा, त्या ओल्या घासातून आत ओढतो. संपलं. पाणी गळलं, घास कुजला, पंप अडकला, मोटर जळली, याच्यापलीकडे पाचवा आजार त्याला होत नाही. प्लास्टिकचे कूलर दिसायला देखणे असतात, पण त्यांचं पातं एकदा फुटलं की दुसरं मिळत नाही. वाळ्याचा घास घेतला तर वास चांगला, लाकडाच्या लच्छ्यांचा घेतला तर गारवा जास्त. पुठ्ठ्याच्या जाळीचे नवीन पॅड टिकतात, पण नागपूरच्या खाऱ्या बोअरच्या पाण्याने तेही दगडासारखे होतात. हे सगळं मी फुकट सांगत आलो आहे.

मुख्य गोष्ट मात्र लोकांना पटवणं फार अवघड गेलं. कूलर लावला की दार उघडं ठेवायचं. आत आलेली हवा बाहेर जायला वाट पाहिजे, नाहीतर खोलीत गारवा येत नाही, नुसती ओल येते. सीताबर्डीवर कापडाचा धंदा असलेले एक गृहस्थ होते. त्यांनी पैसे देऊन घेतलेली थंड हवा रस्त्यावर सोडायची नाही असं ठरवलं आणि दार, खिडक्या, झरोके सगळं बंद करून बसले. तिसऱ्या दिवशी चादरी चिकट, पापड मऊ, आणि माझ्या नावाने ठणाणा. मी गेलो, कूलरला हातही लावला नाही, मागचं दार उघडलं आणि चहा मागवायला सांगितला. चहा येईपर्यंत खोली गार झाली. त्यांनी मला येण्याजाण्याचे पैसे दिले खरे, पण दार उघडण्याचे पैसे घेतो म्हणून पुढे बरेच दिवस सांगत फिरले.

अलीकडे फोनवरून चालणारे कूलर निघाले आहेत. नागपूरजवळच्या मौद्याला एका म्हाताऱ्या जोडप्याकडे त्यांच्या मुलाने असला कूलर पाठवला होता. मुलगा बाहेरगावी, फोन त्याच्या हातात, कूलर यांच्या घरात. तो प्रेमाने दुपारी तिकडून सुरू करायचा. टाकीत पाणी आहे की नाही हे त्याला कसं दिसणार? कोरडा पंप फिरून फिरून जळला. म्हातारीने त्या कूलरपुढे लिंबू-मिरची बांधली होती, कारण तो आपोआप सुरू व्हायचा. मी तिला समजावलं की हे भूत नाही, तुमचा मुलगा आहे. ती म्हणाली, मग त्याले सांगा, यायचं तर स्वतः ये.

तेव्हा मी हसलो होतो. पण मौद्याहून परतताना बसमध्ये ते वाक्य डोक्यातून जाईना.

आमच्या धंद्यात घरं आतून दिसतात. दरवर्षी तेच घर, तीच खिडकी. एखाद्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा तीन कूलर बसवले, कारण तीन खोल्यांत माणसं होती. पुढे मुलगी सासरी गेली, तेव्हा दोन. मुलगा पुण्याला लागला, तेव्हा एकच. मग नवरा-बायकोपैकी एक जण जातो, आणि कूलर तोच, पण पंखा मोठ्यावर ठेवायची गरज उरत नाही. मी कोणाला काही विचारायचो नाही. कुठला कूलर गच्चीवरून काढायचा नाही एवढं ते सांगायचे, तेवढ्यात कळायचं.

प्रताप नगरातल्या विमलकाकूंचं घर असंच एका कूलरवर आलं होतं. काकू मुलींच्या शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या. काका गेल्यावर एकट्याच. मुलगा शैलेश पुण्याला, चांगला मुलगा, रोज न चुकता फोन करणारा. काकूंचा कूलर हॉलच्या खिडकीत, समोर दार उघडं, दाराशी त्यांची खुर्ची. येणारा-जाणारा दिसायचा आणि त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायच्या. गुडघ्यांमुळे बादली उचलणं त्यांना होत नसे. शेजारच्या मंदाताईंकडे बोअर होती, त्या रोज संध्याकाळी भिंतीवरून पाईप टाकून टाकी भरून देत. असं काकूंनी मला सांगितलं होतं. मी पाहिलं नव्हतं, कारण मी नेहमी सकाळचा जाणार.

त्या कूलरला एक विचित्र आजार होता. दर मार्चमध्ये पाहावं तर टाकीच्या बाहेरच्या बाजूने गंजाचे ओघळ, खिडकीखालच्या भिंतीचा चुना फुगलेला, फरशीवर वाळलेल्या शेवाळाचा पट्टा. म्हणजे गळती. माझ्या हाताखालून गेलेली टाकी गळते ही माझ्या इभ्रतीची गोष्ट होती. मी ती आतून खरवडली, डांबर मारलं, सांधे नव्याने झाळून घेतले. पाणी भरून खूण करून ठेवली, दुसरी कामं उरकून परत येऊन पाहिलं. पाणी खुणेवर. पुढच्या वर्षी पुन्हा भिंत फुगलेली, पुन्हा शेवाळ. असं कितीतरी उन्हाळे चाललं. काकू मात्र कधी तक्रार करत नसत. उलट म्हणायच्या, ‘राहू द्या भाऊ, गळते तर गळू द्या थोडी.’

मी त्यांना आणखी एक गोष्ट सुचवून थकलो होतो. टाकीत फ्लोट बसवायचा. नळाची जोडणी द्यायची, पाणी कमी झालं की तरंगता गोळा खाली जातो, नळ आपोआप सुरू होतो, भरलं की बंद. संडासाच्या टाकीत असतो तसाच. उन्हाळाभराची कटकट मिटते. माझ्याकडून फ्लोट बसवून घेतला आणि नंतर पस्तावलं असं गिऱ्हाईक मला आठवत नाही. गुडघे गेलेल्या एकट्या बाईला तर तो हवाच. पण काकू दरवर्षी, ‘फ्लोट नको’. का नको, ते नाही. मी मनात म्हणायचो, जुनी माणसं, नव्या वस्तूला भितात.

मग शैलेशने एसी घ्यायचं ठरवलं. मला फोन आला. ‘भाऊ, आई तुमचं ऐकते. हा कूलर आता दुरुस्त होत नाही असं सांगून टाका ना तिले.’ मी म्हटलं, खोटं कशाला, एसी चांगलाच आहे, घ्या. मे महिन्यातल्या दुपारी म्हाताऱ्या माणसाला कूलर पुरत नाही, हे कूलरवालाच सांगतो आहे. खोली लहान आहे, लहानच घ्या, आणि फोनवरून चालणारा घेऊ नका. त्याने माझं ऐकलं. एसी काकूंच्या निजायच्या खोलीत लागला, हॉलमध्ये एक कॅमेरा लागला, कूलर गच्चीवर गेला आणि खिडकीची फट प्लायवूडने बुजवली. त्या मार्चमध्ये मला प्रताप नगरातून फोन आला नाही. एक गिऱ्हाईक कमी झालं, असं मी धरून चाललो.

मे महिन्यात त्याच गल्लीत पंप बदलायला गेलो होतो. संध्याकाळ झाली होती तरी रस्ता तापलेला होता. काकूंच्या दाराशी खुर्ची नव्हती. दार बंद, पडदे ओढलेले. मंदाताई अंगणात सडा टाकत होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, ‘काकू पुण्याले गेल्या वाटते. केव्हाचं सगळं बंद आहे.’

मी निघालोच होतो. पण आमची नजर आधी भिंतीला लावलेल्या यंत्राकडे जाते, माणसाकडे नंतर. बाजूच्या भिंतीवर एसीचा बाहेरचा पंखा फिरत होता आणि त्याच्या नळीतून थेंब थेंब पाणी पडत होतं.

‘मंदाताई,’ मी म्हटलं, ‘मग एसी कोण चालवून राहिलं?’

त्यांच्या हातातली बादली तिथेच राहिली. आम्ही दोघांनी दार ठोठावलं. बराच वेळ काही नाही. मग आतून काहीतरी सरकल्याचा आवाज, आणि भिंतीला धरत काकू दारात आल्या. अंग तापाने फणफणलेलं, ओठ सुकलेले. दोन दिवसांपासून पोटात काही नव्हतं. शैलेशचा फोन यायचा, त्या पडल्या पडल्या ‘बरी आहे’ म्हणायच्या. कॅमेऱ्यात हॉल दिसायचा, आणि हॉल अगदी व्यवस्थित होता.

मंदाताईंनी डॉक्टर आणला, मुगाची खिचडी पातळ करून चमच्याने भरवली, आणि मग ओट्याशी उभ्या राहून रडल्या. ‘भिंतीच्या तिकडे ह्या, इकडे मी. दार बंद दिसलं तर वाजवलं काहून नाही मी?’ एसीचं घर बंदच ठेवायचं असतं. बंद घराकडे पाहून कोणाला काही वाटत नाही, घर बंद आहे एवढंच वाटतं. त्यात ना एसीचा दोष होता ना मंदाताईंचा. पण मी त्या नळीकडे पाहिलं नसतं तर?

शैलेश धावत आला. चार-आठ दिवस राहिला. काकू उठून बसू लागल्या तसं त्याने पुण्याला चल म्हणून धरलं, आणि काकूंनी मला निरोप पाठवला की कूलर खाली काढायचा आहे. मी संध्याकाळी गेलो, दिवसा अंगात काम करायचं त्राण राहिलं नव्हतं. शैलेश थकलेल्या चेहऱ्याने हॉलमध्ये बसला होता. म्हणाला, ‘मी काय करू, तुम्हीच सांगा. एसी लावला तर असं, नाही लावला तर उन्हाने जाईल.’ मला त्याची दया आली. मी माझं मत सांगितलं. दुपारी आतल्या खोलीत एसी, संध्याकाळी हॉलमध्ये कूलर आणि दार उघडं. दोन्ही वस्तू आपापल्या जागी चांगल्या आहेत. त्याला पटलं. एक उन्हाळा असा काढून पाहू, नाहीच जमलं तर पुणे, असं मायलेकांचं ठरलं. म्हणजे काकूंचं त्या घरात राहणं त्या कूलरवर येऊन टेकलं होतं.

शैलेश हुशार. लगेच म्हणाला, मग त्याला फ्लोट बसवून टाका, म्हणजे कोणावर अवलंबून राहणं नको. मी पिशवीतून फ्लोट काढला. काकू खुर्चीत बसल्या होत्या, त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. ‘फ्लोट नको भाऊ,’ एवढंच म्हणाल्या. शैलेशने विचारलं, काहून नको? त्याचा फोन वाजला, तो बोलत बोलत आत गेला.

तेवढ्यात भिंतीवरून पाईप आला. मंदाताई पलीकडे उभ्या, पाईपचं तोंड टाकीत. मी कूलरच्या मागे स्टँडचा नट आवळत बसलो होतो. काकू भिंत धरत बाहेर टाकीशी आल्या आणि दोघींच्या गप्पा सुरू झाल्या. वांगी महाग झाली, कोणाच्या सुनेने घरबसल्या कपडे मागवले आणि माप चुकलं, मंदाताईंच्या नवऱ्याचा गॅस, कोपऱ्यावरच्या डॉक्टरची नवी गाडी. पाणी चढत चढत काठाला लागलं. मंदाताईंनी विचारलं, ‘काकू, झालं का?’

काकूंनी वाकून टाकीत पाहिलं. पाणी काठावर थरथरत होतं. त्या म्हणाल्या, ‘थोडं राहिलं वं अजून.’

पाणी काठावरून वाहू लागलं. टाकीच्या बाहेरच्या बाजूने, गंजाच्या जुन्या ओघळांवरूनच, भिंतीवर, फरशीवर, माझ्या पायांवर. मंदाताई आपल्या बहिणीच्या मुलीचं लग्न कसं मोडलं ते सांगत होत्या आणि काकू हनुवटीवर हात ठेवून ऐकत होत्या.

इतके उन्हाळे मी त्या टाकीत भोक शोधत होतो. मला हसू आलं. फ्लोट पिशवीत परत टाकला. शैलेश बाहेर आला तेव्हा मी त्याला सांगितलं की या जुन्या टाकीला फ्लोट बसत नाही, पत्रा पातळ आहे. पत्रा चांगला जाड होता. धंद्यात इतकं बिनदिक्कत खोटं मी दुसऱ्यांदा बोललो नाही.

काकूंनी त्यानंतर आणखी काही उन्हाळे तिथे काढले. मग चालणंच बंद झालं आणि त्या पुण्याला गेल्या. जाण्याआधी कूलर मला देऊन गेल्या, भंगारात देऊ नका म्हणाल्या. मी तो न्यायला गेलो तेव्हा मंदाताई मदतीला आल्या. मी त्यांना सहज म्हटलं, तुमच्या काकूंची टाकी नेहमी ओसंडून जायची, तुम्हाला ठाऊक नसेल. त्या म्हणाल्या, ‘ठाऊक नसायले काय झालं भाऊ? पाणी भिंतीखालून माझ्याच अंगणात येत होतं.’

काकूंचा एकदा मार्चमध्ये फोन आला होता. तिथे फार छान आहे म्हणाल्या, सगळं थंड, खिडक्या उघडाव्याच लागत नाहीत. 

माझी सुशीला जाऊन आता तीन उन्हाळे झाले. गंमत अशी की जन्मभर दुसऱ्यांचे कूलर सांभाळले, पण घरचा कूलर मी कधी भरला नाही. मी घरी येईपर्यंत तो भरलेला असायचा. ती गेल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात मी दमून येऊन कूलर सुरू केला आणि कोरडा पंप खडखडला, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की टाकीत पाणी आपोआप येत नाही. त्या दिवशी मी पंप बंद करून पलंगावर नुसता बसून राहिलो.

मुलगी वर्षा हैदराबादला असते. ती म्हणते, बाबा, एसी पाठवते. नको म्हटलं तर म्हणते, मग निदान फ्लोट तरी लावून घ्या, अर्ध्या नागपूरला लावून दिलात. तिचं बरोबर आहे. मी पहिल्या मजल्यावर राहतो, काकूंचा कूलर गॅलरीत आहे, खांद्यामुळे बादली उचलत नाही. दोन उन्हाळे तांब्या-तांब्याने भरला. फ्लोट टेबलाच्या खणात आहे, नवा कोरा, काम एका हाताने होण्यासारखं आहे.

खालच्या मजल्यावर पंकज राहतो. औषधांच्या दुकानात कामाला आहे, संध्याकाळी आला की पाईपने कुंड्यांना पाणी घालतो. जिन्यात भेटलो की ‘काका, बरं आहे ना?’ आणि मी ‘बरं आहे’, याच्यापुढे आमचं बोलणं कधी गेलं नव्हतं. या मे महिन्यात एका संध्याकाळी मी गॅलरीतून वाकून पाहत होतो. लोकांच्या दारात जाऊन पैसे मागताना मला कधी संकोच झाला नाही, पण एवढं विचारायला माझी जीभ उचलेना. शेवटी म्हटलं, ‘पंकज, तो पाईप वर येईल का गा?’

तो पाईप घेऊन जिन्याने वरच आला. टाकीत पाईप सोडला आणि कठड्याला टेकून उभा राहिला. मग त्याने विचारलं, ‘काका, तुम्ही मशीनचं काम केलं आहे. विजेवरची स्कूटर घेऊ का मी? घरचे घ्या म्हणून राहिले.’

मी त्याला विचारलं, रोज किती फिरणं होतं, रात्री चार्जिंगला कुठे लावशील, तुझ्या भागात दुरुस्तीवाला आहे का. बॅटरीचं बोललो, उन्हात उभी करू नको म्हणालो. तो नीट ऐकत होता. मध्येच त्याने आपल्या मुलीच्या शिकवणीचं काढलं, तिला फोन घेऊन द्यावा का ते विचारलं. त्यावरही माझी मतं होतीच.

पाणी काठाला लागलं. पंकज म्हणाला, ‘झालं का काका?’

मी वाकून टाकीत पाहिलं.

‘थोडं राहिलं गा अजून,’ मी म्हटलं.

पाणी काठावरून गॅलरीत, गॅलरीतून खाली त्याच्या कुंड्यांवर पडू लागलं. पंकजने खाली पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. नळ बंद करायला तो खाली गेला नाही. कठड्याला पुन्हा टेकला आणि म्हणाला, ‘अन् काका, दुसऱ्या कंपनीची स्कूटर कशी आहे?’